खर्च वाढतच चाललाय, मग राज्याचं बजेट जुळवायचं कसं? ट्रेझरीत आयुष्य काढलेल्या माणसाचं उत्तर

माझी भाची पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतीय. परवा तिनं विचारलं, "मामा, राज्याचा खर्च दरवर्षी वाढतच चाललाय, लाडकी बहीण, शेतीपंपाची वीज, पगार, पेन्शन, रस्ते, पुराची मदत, सगळंच गरजेचं वाटतं. मग बजेट बॅलन्स करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? योजना बंद करायच्या, टॅक्स वाढवायचा का कर्ज काढायचं?" मी सोलापुरात लेखा आणि कोषागार या कामात एकतीस वर्षं काढली, शेवटची बरीच वर्षं बजेट आणि ग्रँटचंच काम होतं. पुस्तकातलं तुला पाठ असणार, मी हातानं जे केलं आणि डोळ्यानं जे बघितलं तेवढं सांगतो. लांबेल, पण नीट वाच.

आधी बॅलन्स म्हणजे काय ते. जमा शंभर आणि खर्च शंभर असं कुठलंच राज्य करत नाही, करूही नये. मार्च २०२५ मध्ये मांडलेलं २०२५-२६ चं बजेट घे. महसुली जमा (कर, फी, केंद्राकडनं येणारा पैसा, कर्ज सोडून) ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च (रोजचा चालू खर्च) ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून सगळी जमा आणि सगळा खर्च यातला फरक, १,३६,२३५ कोटी, साधारण तेवढं कर्ज वर्षभरात उभं करायचं. ही तूट राज्याच्या उत्पन्नाच्या (सरकारच्या जमेच्या नव्हे, राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या सगळ्या माल-सेवांच्या किमतीच्या, म्हणजे जीएसडीपीच्या) २.७६ टक्के येते, राज्याचा २००५ चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे त्यातली मर्यादा ३ टक्के, म्हणजे त्या बजेटात आपण आत होतो. त्या बजेटात एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास, तेही याच उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आतच. त्यामुळं टीव्हीवर एक जण म्हणतो राज्य कर्जात बुडालं आणि दुसरा म्हणतो सगळं मर्यादेत आहे, आणि दोघंही आकडा खराच सांगतात.

पण मी बजेट हातात आलं की पहिल्यांदा एक भागाकार करतो, तूही करत जा. ४५,८९१ ला १,३६,२३५ नी भाग. जवळजवळ ३४ टक्के येतात. म्हणजे राज्य जे शंभर रुपये कर्ज काढणार त्यातले चौतीस रुपये रोजच्या खर्चाला जाणार, पगार, अनुदान, व्याज वगैरे. आपल्याकडं शेतकरी कर्ज काढून विहीर पाडतो, पाणी लागलं तर ऊस होतो, हप्ता फिटतो. पण कर्ज काढून किराणा भरला तर किराणा महिन्यात संपतो आणि हप्ता दहा वर्षं राहतो. राज्याचं कर्ज बहुतेक रिझर्व्ह बँकेच्या लिलावातनं रोखे विकून उभं राहतं. समज ७ टक्क्यांनी १००० कोटी दहा वर्षांसाठी घेतले तर दरसाल ७० कोटी व्याज, दहा वर्षात ७०० कोटी, आणि शेवटी मुद्दल १००० आहेच. (एक गोष्ट लक्षात ठेव, महसुली खर्चात झेडपी-महापालिकांना दिलेली अनुदानंही येतात, त्यातनं रस्ते, शाळाखोल्या होतात, त्यामुळं महसुली खर्च म्हणजे सगळा वायाच असं लिहून मोकळी होऊ नकोस.)

म्हणून तुझ्या प्रश्नातला कर्जाचा भाग माझ्यापुरता इथं मिटतो. कर्ज काढावं, पण कशासाठी ते बघून. केंद्र भांडवली, म्हणजे रस्ते-पूल अशा टिकाऊ कामांना ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं, २०२०-२१ पासनं चालू आहे, ते तर जेवढं मिळेल तेवढं घ्यावं. महसुली तूट मात्र शून्याकडं नेलीच पाहिजे.

आता ती तूट कमी का होत नाही. महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याज यातच जातो. आम्ही याला बांधील खर्च म्हणायचो. यात माझी स्वतःची पेन्शनही आली, त्यामुळं हे मी लांबनं बोलत नाही. हा खर्च कुणी अडवू शकत नाही आणि तो अचानक येतही नाही, वर्षानुवर्षं आधी दिसत असतो. सातव्या वेतन आयोगाचं बघ, राज्यात पगार जानेवारी २०१९ पासनं वाढले पण लागू १ जानेवारी २०१६ पासनं, मग तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं आणि ते हप्ते पुढं सरकत गेले. आता केंद्राचा आठवा आयोग नेमलाय, आज ना उद्या राज्यालाही द्यावाच लागणार हे शाळेतल्या पोराला कळतं. त्याची तयारी म्हणून आत्तापासनं दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडायला पाहिजे.

आता ज्यावर सगळे भांडतात ती योजना. लाडकी बहीण जुलै २०२४ पासनं, महिना १५०० रुपये. हिशोब तोंडी होतो, १५०० गुणिले १२ म्हणजे १८,००० वर्षाला, २ कोटी बहिणी धरल्या तर ३६,००० कोटी. २०२५-२६ च्या बजेटात तरतूद तेवढीच होती, ३६,००० कोटी. पण बहिणी सव्वादोन कोटी असल्या तर ४०,५०० कोटी लागतात, आणि हे जास्तीचे साडेचार हजार कोटी कुठल्यातरी दुसऱ्या लेखाशीर्षातनं (बजेटातल्या दुसऱ्या खर्चाच्या खात्यातनं) येणार किंवा पुरवणी मागणीतनं, म्हणजे वर्षाच्या मधेच विधानसभेकडं मागितलेल्या जादा पैशातनं येणार. ही योजना वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका आहेत, दिवसभर पाटावर मान घालून हजार विड्या वळायच्या तेव्हा मजुरी पडते, तिच्या हातात स्वतःच्या नावावर १५०० रुपये येणं काय असतं ते मी शेजारी बघतोय. त्या पैशातनं पोराची फी जाते, डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझा आक्षेप एवढाच की कायमचा खर्च सुरू करताना त्याच्या सोबत कायमची जमा दाखवली गेली नाही.

कायमच्या खर्चासोबत कायमची जमा उभी करणं हे या राज्यात आधी कुणी केलं नाही असं नाही, आणि हाच मुद्दा मला तुला सगळ्यात जास्त सांगायचाय. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं आपल्या घरात अजून आहेत, तुझी आजी सांगोल्याच्या बाजूला खडी फोडायला जायची. त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली, मागेल त्याला काम. दुष्काळापुरतं काम वेगळं आणि कायमची हमी वेगळी, त्याला दरसाल पैसा लागणार, तो आणायचा कुठनं? तेव्हा १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातला नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी थोडं थोडं द्यायचं आणि त्यातनं गावातल्या मजुराला काम. गोळा झालेल्या कराइतकीच भर सरकार स्वतःकडनं घालायचं. मग १९७७ चा रोजगार हमी कायदा, तो २६ जानेवारी १९७९ पासनं लागू. म्हणजे आधी पैशाची वाट तयार केली आणि मग हमीचा कायदा केला. तुझ्या पगारातनं उद्या महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातील ना पीटी म्हणून, ते हेच.

पण यात पुढची चूकही बघ. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा आहे, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं ती २५० वरनं २५०० केली आणि तेव्हापासनं ती तिथंच आहे. १९८८ ला २५०० म्हणजे केवढे होते! खर्च महागाईनं वाढत गेला आणि जमा गोठली. पुढं केंद्राची मनरेगा आली, मजुरीचा भार केंद्रानं उचलला म्हणून आपल्याला ते जाणवलं नाही. आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केलाय, १२५ दिवसांची हमी आणि खर्चाची केंद्र-राज्य वाटणी ६०:४०, मजुरीसकट. म्हणजे तोच जुना प्रश्न परत मंत्रालयाच्या दारात, चाळीस टक्के कुठनं आणायचे.

आता पैसा कमी पडला तर काय होतं ते ऐक, कारण हे परीक्षेच्या पुस्तकात नसतं. विधानसभेत बजेट मंजूर झालं म्हणजे पैसा मिळाला असं नाही. तरतूद वेगळी आणि ग्रँट वेगळी. वित्त विभाग तिजोरीचा अंदाज घेऊन कधी तरतुदीच्या साठ टक्केच, कधी सत्तर टक्केच वितरित करतो. पगार, पेन्शन, व्याज यातनं कापता येत नाही, ज्या योजनेवर सगळ्यांचं लक्ष आहे तिच्यातनंही नाही, मग कात्री लागते ती ज्याच्यासाठी कुणी ओरडत नाही तिथं. देखभाल दुरुस्ती, शिष्यवृत्ती, होस्टेलचं रेशन, झालेल्या कामांची बिलं. २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले ते यातनंच. न दिलेलं बिल हेही कर्जच असतं, फक्त ते ९ लाख कोटींच्या आकड्यात दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो. सीना नदीवरच्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं काम होतं. बंधाऱ्याला लोखंडी बर्गे असतात, पावसाळा संपत आला की ऑक्टोबरच्या सुमारास ते बसवून पाणी अडवायचं. बर्गे गंजलेले, कडेचे रबर गेलेले. मागणी वेळेत गेली होती, बजेटात तरतूद होती, रक्कम काही लाखांची, राज्याच्या हिशोबात धूळसुद्धा नाही. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, संबंधित ऑफिसचा माणूस दर आठवड्याला ट्रेझरीत यायचा, "साहेब, बीडीएसवर ग्रँट पडली का?" (बीडीएस म्हणजे ग्रँट वाटायची ऑनलाईन सिस्टीम.) नाही पडली. तिकडं शेतकऱ्यांनी वर्गणी काढून फटीत प्लॅस्टिकची पोती आणि माती कोंबली. ग्रँट पडली ३१ मार्चला, संध्याकाळी साडेसहाला. बिल रात्री अकरा वाजता माझ्या टेबलावर, एक ऑब्जेक्शन होतं ते तिथंच दुरुस्त करून घेतलं आणि पास केलं. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम मोटरसायकलनं बघायला गेलो. नवे बर्गे काठावर रचून ठेवलेले, रबराचा वास येत होता, आणि नदीत पात्रभर नुसते गोटे. हिशोबाच्या वहीत तो खर्च शंभर टक्के झालाय. पाणी नोव्हेंबरातच वाहून गेलं होतं.

म्हणून मी म्हणतो की कात्री लावायचीच असेल तर मार्चमध्ये, विधानसभेत, नाव घेऊन लावा. हे एक काम यंदा करणार नाही असं सांगितलेलं परवडतं, शेतकरी दुसरा मार्ग बघतो. सगळं मंजूर करायचं आणि मग वर्षभर ग्रँट दाबून ठेवायची याच्यात गरिबाचंच मरण असतं कारण त्याला मंत्रालयात ओळख नसते. याच कारणानं पुरवणी मागण्यांकडंही बघ. जुलै २०२५ ला ५७ हजार कोटींच्या वर, डिसेंबरला परत ७५ हजार कोटींच्या वर. त्यातला काही भाग नुसता इकडचा तिकडं असतो, निव्वळ बोजा कमी असतो, हे खरंय. आणि संकटाला पुरवणी लागतेच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर आम्ही बघितला, माढा, मोहोळ, करमाळ्याची गावं पाण्यात, ऊस आडवा, माती खरडून गेली, विहिरी गाळानं भरल्या. ऑक्टोबरात सरकारनं राज्यासाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते कुणी बजेटात आधी लिहू शकत नाही. पण ज्या घरानं चांगल्या वर्षी चार पोती बाजूला ठेवलेली असतात त्याला अशा वेळी कमी धावावं लागतं.

आता जमेची बाजू. लोक म्हणतात इंडस्ट्री आणा, टॅक्स वाढेल. अर्धवट खरंय. १ जुलै २०१७ पासनं जीएसटी आला, तो माल जिथं विकला जातो तिथल्या राज्याला मिळतो. आपली सोलापुरी चादर हैदराबादच्या दुकानात गेली की राज्याच्या वाट्याचा कर तेलंगणाला. टॉवेल एक्स्पोर्ट झाला की कर शून्य, उलट कच्च्या मालावर भरलेला परत द्यायचा. राज्याला मिळतं ते मागावर काम करणारा माणूस पगार घेऊन इथल्या दुकानात जातो तेव्हा. म्हणजे कामगाराची मजुरी वाढणं हा सुद्धा तिजोरीचाच विषय आहे. आणि दर राज्याच्या एकट्याच्या हातात नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक दर बदलले, विडीवरचा २८ चा १८ टक्के १ फेब्रुवारी २०२६ पासनं झाला, ते केंद्र आणि सगळ्या राज्यांच्या जीएसटी कौन्सिलनं ठरवलं.

राज्याच्या स्वतःच्या हातात उरलं काय? मुद्रांक, दारूवरचं उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, गाड्यांचा टॅक्स, विजेचं शुल्क, गौण खनिजाची रॉयल्टी. यात दर वाढवताना एक मर्यादा येते, ती आमच्या जिल्ह्यात लगेच दिसते कारण अक्कलकोटच्या पुढं गेलं की कर्नाटक. जून २०२५ ला भारतात बनलेल्या विदेशी मद्याचं शुल्क निर्मितीखर्चाच्या ३ पटीवरनं ४.५ पट केलं, वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे अपेक्षित धरले. पण सीमेपलीकडं बाटली स्वस्त पडायला लागली की ती इकडं येणार, डिझेल दोन रुपयांनी स्वस्त असलं तर ट्रकवाला टाकी तिकडंच फुल करणार. रेडी रेकनरचंही (मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेल्या जागेच्या दराचंही) तसंच, १ एप्रिल २०२५ ला राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ आणि आमच्या सोलापूर महापालिका हद्दीत १०.१७ टक्के, राज्यात सगळ्यात जास्त. पुण्या-मुंबईसारखे भाव नसलेल्या गावात हे जड जातं. उलट कोविडमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक ३ टक्क्यांनी कमी केला होता तेव्हा रजिस्टर ऑफिसला रांगा लागल्या होत्या. माझं मत असं की दर वाढवण्याआधी गळती थांबवावी. भीमेच्या पात्रातनं रात्री किती वाळू जाते हे नदीकाठच्या कुठल्याही गावात विचार. त्या वाळूची रॉयल्टी सरकारला मिळत नाही, आणि त्याच गाड्यांनी उखडलेला रस्ता परत सरकारनंच करायचा, म्हणजे दोन्हीकडनं खड्डा.

खर्चाच्या बाजूला यादी साफ करणं आलं. लाडक्या बहिणीच्या यादीत २०२५ मध्ये लाखो नावं संशयित निघाली, सरकारी नोकरदारसुद्धा सापडले, मग ई-केवायसी लावली. हे करायलाच पाहिजे होतं, पण आधी करायला पाहिजे होतं. नवऱ्याचा किंवा वडलांचा आधार मागितल्यावर ज्या बाईला नवराही नाही आणि वडीलही नाहीत ती कुठं जाणार? आमच्या गल्लीतली एक मावशी तीन दिवस मजुरी बुडवून सेंटरवर बसली, पुढं सरकारनं मुदत वाढवली आणि अशा बायकांसाठी सोय केली. पैसे सुरू झाल्यावर चाळणी लावली की खोटा सहीसलामत राहतो आणि खरा घाबरतो, हे प्रत्येक योजनेत बघितलंय.

आणि चालवायचा खर्च. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर वसाहत बघून ये एकदा, विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्यासाठी ३०,००० घरं, जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. घरामागं केंद्राचे दीड लाख, राज्याचा १ लाख, म्हणजे राज्याचे ३०० कोटी. मी याला राज्यानं केलेल्या सगळ्यात चांगल्या खर्चात धरतो, आयुष्य पत्र्याखाली काढलेल्या बायका स्लॅबखाली आल्या. पण तीस हजार घरं म्हणजे एक गाव झालं, त्याला रोज पाणी, शाळेला मास्तर, दवाखान्याला नर्स, रात्री परत यायला बस, हे दरसाल लागणार. मंगळवेढ्याच्या गावांनी उपसा सिंचनासाठी किती वर्षं वाट बघितली, ती योजना झाली की पंपाचं लाईट बिल येणारच. कुठलंही काम मंजूर करताना बांधायला किती आणि चालवायला दरसाल किती, असे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले पाहिजेत. फाइलीत पहिला असतो, दुसरा बहुतेक वेळा नसतो.

मला कुणी विचारलं तर मी असं करीन: अर्धवट कामं आधी पुरी करायची, नवीन नारळ दोन वर्षं कमी फोडायचे. देखभालीची ग्रँट दिवाळीच्या आत सोडायची. नवी कायमची योजना आणायची असेल तर तिच्या जीआरमध्येच जमा कुठनं येणार ते लिहायचं, आणि ती जमा महागाईबरोबर वाढणारी पाहिजे, पीटीसारखी गोठणारी नको. शेतीपंपाच्या मोफत विजेला वर्षाला १४-१५ हजार कोटी जातात, तिथं सोलर फीडरचं (शेतीपंपाच्या लाईनला सौर वीज देण्याचं) काम जितकं लवकर होईल तितकं हे ओझं हलकं होईल, म्हणून त्या कामाला कर्ज काढलं तरी माझी ना नाही. हे सगळं एका वर्षात होत नाही, चार-पाच बजेटं लागतात.

तू एक कर. महाकोष या राज्याच्या कोषागाराच्या वेबसाईटवर बीम्स म्हणून बजेटची सिस्टीम आहे, तिथं तरतूद किती, वितरित किती, खर्च किती ते दिसतं. लेखाशीर्ष २०४९ म्हणजे व्याज, २०७१ पेन्शन, २७०२ लघुपाटबंधारे, ३०५४ रस्ते आणि पूल. या चारांचे आकडे ३१ डिसेंबरला एकदा आणि ३१ मार्चला एकदा वहीत लिहून ठेव आणि शेजारी शेजारी बघ. पहिल्या दोघांचा खर्च वर्षभर होत आलेला दिसेल. मागच्या दोघांचा मार्चमध्ये किती झाला ते बघून मला फोन कर, मग पुढचं बोलू.